हिवाळी सज्जता (व्यावसायिक इमारती)

कडाक्याची थंडी व हिमवर्षाव सुरू होण्याआधी कार्यालये, दुकाने, हॉटेले, गोदामे अशा इमारतींची केली जाणारी तपासणी, डागडुजी आणि बंदोबस्त. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात, शिकागो-मिनिॲपोलिसच्या पट्ट्यात, याला ‘विंटरायझिंग’ म्हणतात आणि बरेचसे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकून घेतात. कोकणात आगोटीला छप्पर शाकारतात, लाकूडफाटा भरून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. कोकणात पाणी बाहेरून आत येऊ नये म्हणून धडपड असते. इथे आत आधीच असलेल्या पाण्याचा घोर असतो.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, हे शाळेत शिकलेले असते. त्यामुळे बर्फ झाला त्या जागीच पाइप फुटत असेल, असे वाटते. बहुधा तसे होत नाही. पाइपात आधी बर्फाचे बूच बसते. ते वाढू लागले की बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप त्या पट्ट्यात फुटतो, कधी बर्फाचा कणही नसलेल्या ठिकाणी. थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने सोडून ठेवतात तो यासाठीच. दाबाला वाट मिळते. फुटल्याचे लगेच कळतही नाही, कारण बूचच पाणी अडवून धरते. हवा जरा उबदार झाली, बूच वितळले, की धार लागते. शनिवार-रविवार बंद असलेल्या कार्यालयात सोमवारी सकाळी छताच्या टाइल भिजून गालिच्यावर पडलेल्या सापडतात, त्यामागे हीच गोष्ट असते. इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगांवरून, उष्णतारोधक आवरण नसलेल्या पाइपांसाठी बाहेरचे उणे ७ अंश सेल्सियस हे तापमान धोक्याची खूण मानले जाते. रिकाम्या इमारतीतही आतले तापमान १३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला असतो.

सर्वांत फसवी असते ती आग विझवणारी स्प्रिंकलर व्यवस्था. तिच्या पाइपांत पाणी वर्षानुवर्षे निश्चल उभे असते. प्रवेशद्वाराजवळची पडवी, जिना, माल उतरवण्याचा धक्का अशा ठिकाणच्या छतात ते हमखास गोठते. जिथे किमान ४ अंश तापमान राखता येत नाही तिथे पाण्याने भरलेली लाइन ठेवू नये, असे अमेरिकेतले ‘एनएफपीए १३’ हे मानक सांगते. तिथे ‘ड्राय पाइप’ पद्धत वापरतात: लाइनमध्ये दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन, आणि पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हमागे अडवलेले. पण कोरडी लाइनही पूर्ण कोरडी नसते. हवेतली वाफ द्रवून आणि चाचणीच्या वेळचे पाणी उरून सखल भागी साचते. तिथे दोन व्हॉल्व्हांमध्ये एक लहानशी नळकांडी बसवलेली असते. वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, खालचा उघडायचा. तांबूस, गंजाचे पाणी बादलीत पडते. मग खालचा बंद करून वरचा उघडायचा, थोडे थांबायचे आणि पुन्हा तेच. पाणी येईनासे होईपर्यंत. कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच ते राहून जाते. घाईत दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले तर लाइनमधली हवा निघून जाते, पाणी अडवणारा मुख्य व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळी व्यवस्था पाण्याने भरते.

हवा खेळवणाऱ्या यंत्रणेत बाहेरची हवा घेणारी झडप उघडी अडकली, तर गरम पाण्याची कॉइल (हवा तापवणारी वळणावळणाची नळी) सुद्धा गोठू शकते. त्यासाठी कॉइलच्या तोंडावर नागमोडी पसरलेली संवेदक नळी असते. तिचा एखादा तुकडा जरी ठरावीक तापमानाखाली गेला तरी पंखा बंद होतो. ती वारंवार पंखा बंद पाडते म्हणून तिला बगल देणे, हा देखभाल खात्यातला जुना रोग आहे. उन्हाळी थंडाव्याच्या कॉइलमधले पाणी नुसते सोडून भागत नाही, वाकणांत ते उरतेच. म्हणून दाबाची हवा मारतात आणि वर प्रॉपिलीन ग्लायकॉल हा गोठण रोखणारा द्रव फिरवतात.

छताचा हिशेब वेगळा. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, पण वाऱ्याने दाबलेला किंवा पावसाने भिजलेला अनेक पट जड होतो, आणि कठड्यालगत त्याचे ढीग साचतात. पाणी वाहून नेणारी छिद्रे पानांनी तुंबली असतील तर वितळलेले पाणी वरच पुन्हा गोठते. वॉशिंग्टनमध्ये २८ जानेवारी १९२२ रोजी निकरबॉकर थिएटरचे सपाट छप्पर बर्फाखाली कोसळून ९८ माणसे दगावली. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटर या क्रीडागृहाचे छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे पडले. काही तास आधी तिथे बास्केटबॉलच्या सामन्याला सुमारे ५,००० प्रेक्षक होते. तिथे खरा दोष आराखड्यात होता, बर्फ निमित्त झाला. भारतात बर्फाच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा चौथा भाग आहे. तो लडाख-हिमाचलात लागतो, मुंबई-पुण्याच्या अभियंत्याला क्वचितच उघडावा लागतो.

हा सगळा बंदोबस्त शेवटी विजेवर टेकलेला असतो. पाइपांभोवतीची तापणारी केबल, बॉयलरचे पंप, सगळे तिच्यावरच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा ४५ लाखांहून अधिक घरे-आस्थापने अंधारात गेली आणि उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेल्या इमारतींचे पाइप फुटत गेले. जनरेटर असला तरी त्याच्या डिझेलमधले मेण थंडीत साकळते आणि गाळणी तुंबते. म्हणून हिवाळी डिझेल आधीच भरून घ्यावे लागते.

दारासमोरचा भाग सोपा, पण कायद्याचा. शिकागोत सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळेत पडलेला बर्फ रात्री १० पर्यंत आणि रात्रीचा बर्फ सकाळी १० पर्यंत फुटपाथवरून हटवण्याची जबाबदारी लगतच्या मालमत्ताधारकाची असते. साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपास निकामी होऊ लागते; त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागते. उंच इमारतींवरून सुटणाऱ्या बर्फाच्या लाद्यांवर मात्र मीठ चालत नाही. तिथे फुटपाथवर ‘वरून बर्फ पडतो, सावध’ अशी पाटी ठेवतात, आणि लोक मान वर करून बघत बाजूने निघून जातात.