स्वतंत्र संगीत (ठाणे–नवी मुंबई)

चित्रपटासाठी न केलेले, मोठ्या कंपनीच्या पैशावर न उभे राहिलेले आणि कलावंतानेच रचून प्रसिद्ध केलेले संगीत. बोलण्यात त्याला सर्रास ‘इंडी’ म्हणतात. रॉक, मेटल, रॅप, इलेक्ट्रॉनिक, लोकसंगीतावर उभे राहिलेले बँड असे सगळे त्यात येते. पैसा कोणाचा आणि गाण्यावर हक्क कोणाचा, यावरून ही ओळख ठरते. चालीशी तिचा फारसा संबंध नाही.

देशपातळीवरचा इतिहास बहुधा रॉकपासून सांगितला जातो. मुंबईत 1984 मध्ये रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) हा बँड निघाला, 1986 पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक महोत्सव भरू लागला आणि 1990 मध्ये दिल्लीत इंडियन ओशन सुरू झाला. नव्वदीतला इंडीपॉप, म्हणजे चित्रपटाबाहेरचे पॉप संगीत, गाजला खरा, पण त्यामागे कंपन्या आणि संगीतवाहिन्या होत्या. त्यांनी हात आखडता घेतला तसा तो ओसरला. पुण्यात 2010 मध्ये सुरू झालेल्या एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवाने बँडना मोठे व्यासपीठ दिले. त्यानंतर काही वर्षांतच डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांमुळे मुंबईच्या वस्त्यांतला रॅप सर्वतोमुखी झाला.

या इतिहासात ठाणे–नवी मुंबईचे नाव क्वचितच येते. ठाण्यात 1978 पासून गडकरी रंगायतन आहे, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. दोन्हींचा जीव नाटकात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यू2 (2019) आणि कोल्डप्ले (जानेवारी 2025) येऊन गेले, पण त्या गर्दीचा स्थानिक बँडला काय उपयोग? दोनशे-तीनशे श्रोत्यांच्या जागेची इथे वानवाच आहे. त्यामुळे ठाण्या-खारघरची मुले तासावर भाडे देऊन जॅमरूममध्ये सराव करतात आणि गिगसाठी (कार्यक्रमासाठी) लोअर परळ, वांद्रे, अंधेरी गाठतात. शेवटच्या लोकलकडे डोळा ठेवून वाजवायचे, हे ओघाने आलेच.

मात्र व्याख्या काटेकोर लावली, तर इथले सर्वांत जुने आणि स्वतःच्या पायावर उभे असलेले स्वतंत्र संगीत आगरी-कोळी गाण्यांचे ठरते. चेंदणी कोळीवाडा, दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली अशा गावांत लग्नाच्या आदल्या रात्रीची हळद हाच त्याचा रंगमंच. पूर्वी धवलारीण धवले (लग्नविधीची गाणी) गाऊन विधी पुढे नेत असे. आजही काही घरांत तिला मानाने बोलावतात. मग बेंजो पार्टी मांडव ताब्यात घेते. हा बेंजो म्हणजे विजेवर चढवलेला बुलबुलतरंग. सोबत ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. ही गाणी आधी कॅसेटवर, मग व्हीसीडीवर आणि आता यूट्यूबवर फिरतात. गायक, वादक, नाचणारे आणि कॅमेरावाला बरेचदा आसपासच्याच गावांतले असतात. कमाई मुख्यतः सुपारीची, म्हणजे ठरवून घेतलेल्या कार्यक्रमाची. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईच्या यात्रेसाठी नवी गाणी निघतात, पुढे नारळी पौर्णिमा आणि गणपती. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई असल्याने हळदीची वेळ मात्र अलीकडे सरकली आहे.

या गाण्यांत नुसती मौजमजा नाही. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. भूमिपुत्रांचा तो सल गाण्यांतही उतरला. नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, यासाठी 2021 मध्ये आंदोलन पेटले, तेव्हा ‘दिबां’वरची गाणी मोबाइलवरून गावोगाव फिरली. असे असूनही इंडी महोत्सवांच्या यादीत हळदीचा गायक सहसा दिसत नाही. ही उणीव अभिरुचीपेक्षा ओळखीपाळखीची अधिक आहे.

मराठी रॅपने ही भिंत थोडी खिळखिळी केली. अनेक भाषांत गाणाऱ्या मुंबईच्या स्वदेसी गटात मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावरच्या 2019 मधील त्यांच्या गाण्यात आदिवासी कार्यकर्ते-गायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) गाणे स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढले. घरच्या खोलीत लॅपटॉप, मायक्रोफोन आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात उतरवणारे उपकरण) एवढ्यावर ट्रॅक तयार होतो, त्यामुळे प्रवेशाचा खर्च बराच उतरला आहे.

हक्कांचा प्रश्न अवघड आहे. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळाले. ती गोळा करण्याचे काम आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था करते, पण त्यासाठी सभासद व्हावे लागते आणि रचना नोंदवावी लागते. हळदीच्या अनेक गाण्यांची चाल पारंपरिक, म्हणजे कोणा एकाची नसते. तरीही तिच्यावर बेतलेले एखादे ध्वनिमुद्रण यूट्यूबच्या ओळख यंत्रणेत आधी नोंदले गेले, तर त्याच चालीवर नंतर गाणे टाकणाऱ्यावर दावा येऊ शकतो आणि जाहिरातीचे पैसे अडकतात.