सिलिका बसणारच, पण कुठे?

आइसलँडचा ‘ब्लू लगून’ पाहायला जगभरातून माणसं येतात आणि तिथला पांढरा चिखल हौसेनं तोंडाला फासतात. तो तलाव नैसर्गिक नाही. शेजारच्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक (जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करणाऱ्या) केंद्रातलं वापरून झालेलं पाणी १९७६ पासून लाव्हाच्या खडकांवर सोडलं जाऊ लागलं. खडक सच्छिद्र, म्हणजे पाणी जिरून जाईल, असा हिशेब होता. पण पाण्यातल्या सिलिकानं, म्हणजे वाळू आणि काचेच्या मुख्य घटकानं, खडकाची भोकं लिंपून टाकली आणि पाणी साचलं. पर्यटनाचं त्यात भलं झालं. हेच लिंपण पाइपात झालं तर मात्र वीजकेंद्राचा गळा आवळला जातो.

असं का होतं? जमिनीखाली ३०० अंश सेल्सिअसला पाणी खडकातलं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, विरघळवून घेतं, किलोमागे सहाशे मिलिग्रॅमहून जास्त. वर आल्यावर दाब कमी होतो, काही पाण्याची वाफ होऊन ती टर्बाइनकडे जाते आणि उरलेलं पाणी थंड होतं. शंभर अंशांना पाण्यात सिलिका मावते चारशे मिलिग्रॅमहून कमी. शिवाय वाफ निघून गेल्यानं पाणी आटलेलं असतं, ते वेगळंच. जास्तीची सिलिका मग दिसेल त्या पृष्ठभागाला धरते. पाइप कापून पाहिला तर आत काचेसारख्या कठीण पुटाची वळी दिसतात आणि मधे उरते हाताएवढी वाट.

कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं, दुखणं निराळं. विहिरीत पाणी उकळू लागतं तिथेच कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडीचा थर बसतो. त्यावर उपाय तसा सोपा: उकळण्याच्या पातळीखाली बारीक नळी सोडून थर रोखणारं रसायन ठिबकत ठेवायचं. सिलिका इतकी सरळ नाही. आम्ल घातलं की तिचे कण जुळायला वेळ लागतो, पण आम्ल पाइपच खाऊ लागतं. माझ्या मते ही नुसती मुदत मागून घेणं आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सी परिसरात तर वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा क्षारच असलेलं पाणी वर येतं. तिथल्या अभियंत्यांनी सिलिकाला अडवण्याऐवजी जागा नेमून दिली. आधीच साचलेला थोडा गाळ ते ताज्या पाण्यात परत मिसळतात. त्या असंख्य कणांचा एकूण पृष्ठभाग पाइपाच्या भिंतीपेक्षा कितीतरी मोठा, त्यामुळे नवी सिलिका भिंत सोडून कणांवर बसते. पुढे निवळणीच्या टाकीत गाळ तळाला जातो, फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या निघतात आणि निवळलेलं पाणी दुसऱ्या विहिरीवाटे पुन्हा जमिनीत सोडतात. हा शेवटचा टप्पा सगळ्यात नाजूक. पाइपातलं पूट जोरदार फवाऱ्यानं फोडता येतं. विहिरीच्या तळाशी खडकाची छिद्रं बुजली तर तिथवर हात पोचवणं फार अवघड.

पुटाची एक गंमतही आहे. १९६० च्या दशकात याच भागातल्या एका विहिरीच्या पाइपात तीन महिन्यांत पाच ते आठ टन पूट जमलं. तपासलं तर त्यात सुमारे २० टक्के तांबं आणि काही ठिकाणी ६ टक्क्यांपर्यंत चांदी! आता डोळा आहे तो त्याच पाण्यातल्या लिथियमवर. ते वेचून घेणारे पदार्थही सिलिकानं माखतात, म्हणून लिथियमच्या आधी नंबर लागतो गाळाच्या टाकीचाच.