नाल्याचं पाणी नेमकं कुणाच्या बोअरला जातंय?

शहापूर, वडगावच्या शिवारात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला की सगळ्यांचं बोट आधी बळ्ळारी नाल्याकडे जातं, आणि ते साहजिकच आहे, बेळगाव शहराचं सांडपाणी त्यातूनच वाहतं. पण समजा नाल्याला लागून असलेली विहीर ठीक निघाली आणि चार शेतं पलीकडचा बोअर खराब, तर "मग नाल्याचा काय संबंध" म्हणून विषय तिथेच बंद करायचा का? मला हे अजिबात पटत नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात खाली काळा दगड म्हणजे बेसाल्ट आहे, अखंड दगडातून पाणी जवळपास जातच नाही, ते जातं वरच्या मुरमातून आणि भेगांतून, आणि कुठली भेग कुठे गेलीय ते वरून कुणालाच दिसत नाही.

नुसत्या लॅब रिपोर्टनेही भागत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, ते जास्त निघालं तरी सांडपाण्यातून आलं की पिकाला टाकलेल्या युरियातून हे त्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून ट्रेसर टेस्ट. संशय आहे तिथे ओळखू येईल असा, त्या प्रमाणात निरुपद्रवी पदार्थ पाण्यात सोडायचा आणि आजूबाजूच्या विहिरी, बोअर, झरे तपासत राहायचं. १८७७ मध्ये जर्मनीत इमेंडिंगेनजवळ जमिनीत गडप होणारं डॅन्यूब नदीचं पाणी कुठे निघतं हे बघायला १० किलो युरानिन हा रंग सोडला, आणि साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्याचं पाणी हिरवं चमकायला लागलं. अर्थात तो चुनखडीचा भाग, आत मोठ्या पोकळ्या, आपल्या दगडात एवढा वेग धरून चालायचं नाही.

साधं मीठही चालतं. बोअरमध्ये वरपासून तळापर्यंत मिठाचं पाणी सारखं मिसळायचं आणि पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजणारा मीटर वायरने हळूहळू खाली सोडायचा, थोड्या थोड्या वेळाने परत परत. ज्या खोलीवर खारटपणा पटकन उतरला तिथे भेग आहे आणि पाणी वाहतंय, जिथे तसाच राहिला तिथे दगड बंद.

दुसऱ्या विहिरीत ट्रेसर कसा येतो ते तर फारच बोलकं असतं. एकदम चढून झटकन उतरला तर मोकळी भेग, अशा वाटेने जंतूसुद्धा न गाळता येतात. हळू चढून उतरायला खूप दिवस लागले तर पाणी मुरमातून रेंगाळत येतंय, म्हणजे नाल्यात घाण सोडणं उद्या बंद केलं तरी विहीर लगेच सुधारणार नाही!

काळ्या मातीत काही रंग चिकटून बसतात, त्यामुळे रंग आला नाही म्हणजे संबंध नाही असं धरू नये. नायट्रेट मिठासारखं पाण्याबरोबर सरकतं, शिसं मातीला धरून राहतं, तेव्हा कशाचा शोध घेतोय त्याप्रमाणे ट्रेसर निवडावा लागतो. पिण्याची विहीर असेल तर डोस जाणकारानेच ठरवायचा, गावाला आधी सांगून. आणि टेस्ट एप्रिलमध्ये एकदा, पाऊस लागल्यावर परत एकदा करावी, कारण उन्हाळ्यात सगळे पंप चालू असले की पाणी पंपाकडे ओढलं जातं आणि वाहण्याची दिशाच बदलू शकते.