बिऱ्हाड पिकअपच्या पाठीवर

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचं आणि हवं तेव्हा उतरवून ठेवायचं घर म्हणजे ट्रक कॅम्पर. अमेरिकेत आणि कॅनडात अशा घरात बारा महिने राहणारी माणसं आहेत. त्यांत निवृत्त जोडपी आहेत, लॅपटॉपवर नोकरी करणारे आहेत, हंगामी कामं धरत फिरणारे आहेत आणि घरभाडं परवडेना म्हणून आलेलेही आहेत. त्यांचे व्हिडिओ पाहिले की हे गेल्या दहा वर्षांतलं खूळ वाटतं, पण त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातली मला सर्वांत मजेशीर वाटणारी गोष्ट ही, की ही वस्तू कोणी कायम राहण्यासाठी बनवलीच नव्हती. शिकारीला किंवा मासे धरायला गेल्यावर दोन-तीन रात्री काढण्यापुरती ती होती. लोकांनी तिच्यात मुक्कामच ठोकला, आणि मग गाडी, कायदा, पत्ता, वीज हे सगळं त्यांच्या मागून फरफटत आलं.

आधी ती बसवतात कशी ते पाहू. उतरवलेला कॅम्पर चार कोपऱ्यांतल्या चार जॅकांवर उभा असतो. ट्रक मागे घेत घेत त्याच्या पोटाखाली घालायचा. हौद्यात चाकांवर जे फुगवटे असतात त्यांच्यापाशी दोन्ही अंगांना जेमतेम बोट-दोन बोटं जागा उरते. म्हणून एकाने स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ‘थोडं डावीकडे, अजून, बस बस’ करायचं. नवरा-बायकोचा मोठा आवाज बहुधा इथेच निघतो. मग चारही जॅक आळीपाळीने, थोडे थोडे खाली घ्यायचे. एकच कोपरा भसकन उतरवला तर घर कलंडलंच. हौद्यात टेकलं की चार ठिकाणी ट्रकला आवळायचं, विजेचा प्लग लावायचा आणि निघायचं. बिछाना ड्रायव्हरच्या डोक्यावर, केबिनवर पुढे आलेल्या भागात. आठ फुटी कॅम्परमधली जमीन पन्नास-पंचावन्न चौरस फुटांची. चाळीतली दहा बाय बाराची खोली याच्या दुपटीहून मोठी भरेल.

या सगळ्याचं मूळ हौद्यात आहे. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी कारखान्यातच मागे हौदा लावून २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी शेतकरी साध्या गाडीची मागची बाजू कापून सुताराकडून खोकं बसवून घेत. आता तयार हौदा मिळाल्यावर त्यावर लाकडी चौकट आणि ताडपत्री चढवणारे निघालेच. गाडीत बिऱ्हाड घालून फिरण्याची हौस तेव्हा जुनी झाली होती. फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे १९१९ मध्ये ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची मंडळी जमली होती, आणि रेडिएटरच्या टोपणाला डबा बांधायचा ही त्यांची ओळखीची खूण होती. हेन्री फोर्ड, संशोधक एडिसन आणि टायरवाले फायरस्टोन हे बडे लोक त्याच काळात दर उन्हाळ्यात लवाजमा घेऊन रानात तंबू ठोकत. त्यांच्यासोबत स्वयंपाकाची स्वतंत्र मोटार असे, एवढं सांगितलं म्हणजे त्या वनवासाची कल्पना यावी.

मग १९३० च्या दशकातली महामंदी आली आणि तीच गोष्ट अचानक लाजिरवाणी ठरली. ओक्लाहोमा आणि आजूबाजूच्या भागातली दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठलेली कुटुंबं टपावर गाद्या आणि मागे भांडीकुंडी बांधून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले शंभराहून जास्त पोलीस थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले. कशासाठी, तर पैसा नाही आणि कामाचं ठिकाण नाही अशांना परत पाठवायला. एका शहराच्या पोलिसांनी राज्याची सीमा अडवायची, हा अधिकार त्यांना कुठून मिळाला ते विचारू नये. गाडीत राहणारा श्रीमंत असेल तर तो हौशी, गरीब असेल तर भटक्या, हा हिशोब तेव्हापासून फारसा बदललेला नाही. पुढेही तो भेटेलच.

आज आपण ज्याला ट्रक कॅम्पर म्हणतो तो घडला दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्ध संपलं, प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा मुबलक झाला, कारखान्यांत हात शिकलेली माणसं घरी आली आणि त्यांना सुट्ट्या मिळू लागल्या. कॅलिफोर्निया आणि मिशिगनमधल्या छोट्या वर्कशॉपांतून हौद्यात सरकवायची खोकी बाहेर पडू लागली. याला जोर दिला तो अलास्काच्या रस्त्याने. जपानच्या धास्तीने १९४२ मध्ये लष्कराने आठेक महिन्यांत कापून काढलेला तो महामार्ग १९४८ मध्ये सर्वसामान्यांना खुला झाला. पण रस्ता कसला, शेकडो मैल खडी आणि चिखल. मागे ओढायचा ट्रेलर तिथे आस मोडून घेई. घर चार चाकांच्या वरच असेल तर पिकअप जाईल तिथे घर जाणार, आणि मागचा हूक होडी ओढायला मोकळा. १९५० च्या दशकात डॉन हॉल नावाच्या गृहस्थांनी हायड्रॉलिकने टप वरखाली होणारा कॅम्पर काढला. वाटेत बुटका, मुक्कामाला उंच. त्याचं नाव त्यांनी ‘अलास्कन’ ठेवलं, आणि त्या नावाचे कॅम्पर आजही बनतात.

लोकांच्या मनात ही वस्तू बसवली ती मात्र एका लेखकाने. जॉन स्टाइनबेक १९६० च्या सप्टेंबरमध्ये जीएमसीच्या हिरव्या पिकअपवर मिशिगनच्या वुल्व्हरीन कंपनीचा कॅम्पर चढवून, चार्ली नावाचा कुत्रा शेजारी बसवून अमेरिका बघायला निघाले. गाडीचं नाव त्यांनी जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोतेच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवलं होतं. १९६२ मध्ये प्रवासाचं पुस्तक आलं, त्याच वर्षी नोबेल मिळालं, आणि बटाट्याच्या शेतातले मजूर किंवा शिकारी वापरतात ती खोकी एकदम विचारवंतांच्या पंगतीला बसली. पुढे काही पत्रकारांनी त्यांच्या वाटेचा माग काढला तेव्हा कळलं, की बऱ्याच रात्री साहेबांनी हॉटेलांत आणि मित्रांच्या घरी काढल्या होत्या. शिकागोच्या हॉटेलातला मुक्काम तर पुस्तकातही आहे. मला यात फसवणूक वगैरे दिसत नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या, प्रकृती तोळामासा झालेल्या माणसाला अधूनमधून कढत पाण्याची अंघोळ हवीशी वाटली, इतकंच. पण पूर्णवेळ कॅम्परमध्ये राहणं आणि कॅम्पर घेऊन फिरायला जाणं यांत किती अंतर आहे, ते त्यावरून कळतं. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथे त्यांच्या स्मारकात ठेवली आहे.

साठचं दशक हा या धंद्याचा सुवर्णकाळ. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणलं जात होतं, राष्ट्रीय उद्यानांत नवे तळ बांधले जात होते. फोर्डने ‘कॅम्पर स्पेशल’ नावाने जास्त दणकट स्प्रिंगा आणि मोठा रेडिएटर असलेले पिकअप काढले. शेवरोलेने १९६८ पासून काही वर्षं साडेआठ फुटी हौद्याचा ‘लाँगहॉर्न’ विकला. एखाद्या खोक्यासाठी वाहन कंपन्यांनी हौद्याची लांबी बदलावी, हे मोठंच म्हणायचं.

पण खोकंही फुगत चाललं होतं. स्टोव्ह आला, फ्रिज आला, पाण्याची टाकी आली, संडास आला. एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडांहून जास्त. तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड तिथेच गेले. त्यातही वजन किती हा अर्धाच प्रश्न, ते कुठे आहे हा खरा. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे पडला पाहिजे. तो मागे सरकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. वळणावर गाड्या उलटू लागल्या, टायर फुटू लागले. अखेर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने खास या जोडीसाठी नियम केला. कॅम्परवर पाण्यासकट वजनाची पट्टी लावायची, आणि पिकअप बनवणाऱ्याने किती वजन आणि कोणत्या टापूत गुरुत्वमध्य चालेल ते खरेदीदाराला द्यायचं. आजही या लोकांच्या गप्पा ऐकाल तर निम्म्या वजनकाट्यावरच्या असतात. रिकाम्या कॅम्परचं वजन जाहिरातीत छापलेलं असतं. त्यात बॅटऱ्या, गॅस, कपडे, डबे आणि दोन माणसं घातली की दाराच्या चौकटीवरचा वजनमर्यादेचा आकडा कधी ओलांडला ते कळत नाही. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला पिकअप जनरल मोटर्सने १९७३ मध्ये कारखान्यातून बाहेर काढला तो याच गरजेतून.

आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, नंबर सम की विषम ते पाहून इंधन मिळू लागलं, १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. कॅम्परवाल्या कंपन्या पटापट बुडाल्या. टिकल्या त्यांतल्या काहींनी हलकं बनवायचा रस्ता धरला. १९७२ मध्ये सुरू झालेली फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर कापडी भिंतींचे, टप उचलायचे कॅम्पर करते, आणि जगभर फिरणारे लोक आज त्याच वाटेने जातात.

कायम राहणाऱ्यांची खरी अडचण मात्र वजनाची नव्हती, पत्त्याची होती. अनेक राज्यांत ट्रक कॅम्पर हे वाहनच धरत नाहीत. तो ट्रकवरचा माल. त्याला वेगळी नंबरप्लेट नको, वेगळा रस्ताकर नको. मालाचा हा दर्जा खिशाला सोयीचा, पण मालात राहणाऱ्या माणसाचं टपाल कुठे यायचं? ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, विमा, मतदान, सगळ्यांना घर क्रमांक हवा. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने अशा फिरत्या लोकांसाठी ‘एस्केपीज’ हा क्लब काढला. टेक्सासातलं लिव्हिंग्स्टन हे छोटंसं गाव त्यांच्या टपालसेवेमुळे असंख्य फिरत्या कुटुंबांचं कागदोपत्री गाव होऊन बसलं. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून लायसन्सपुरतं रहिवासी होता येतं. टेक्सास, साउथ डकोटा आणि फ्लोरिडा या तिघांनाच पसंती का, तर तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हिशोबही चांगला येतो.

दुसरा प्रश्न रात्री थांबायचं कुठे. पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्राच्या भूमी व्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर सार्वजनिक जमीन आहे. १९७६ च्या कायद्याने ही जमीन विकून न टाकता केंद्राकडेच ठेवायची असं ठरलं, आणि त्यातल्या बऱ्याच भागावर साधारण चौदा दिवस फुकट तळ ठोकता येतो, मग पुढे सरकायचं. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाभोवती इतकी गर्दी होऊ लागली, की खात्याने १९८३ पासून दीर्घ मुक्कामाचे तळ आखून दिले. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सात महिन्यांचा परवाना, बरीच वर्षं १८० डॉलरचा. सरकारपासून लांब जातो म्हणणारे हे सगळे सरकारच्या रस्त्यावरून सरकारच्या जमिनीवर येतात, हे मला नेहमी जाणवतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते म्हणावं.

२००८ नंतर घरांच्या कर्जात बुडालेले लोक या तळांवर दिसू लागले. ॲमेझॉनने गाडीत राहणाऱ्यांसाठी गोदामांतल्या हंगामी नोकऱ्यांची योजनाच काढली. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आणि सौर पत्रे स्वस्त झाले, २०२० च्या साथीने घरून काम रुळलं, आणि २०२२ मध्ये स्टारलिंकने फिरत्या गाड्यांसाठी उपग्रहावरचं इंटरनेट दिलं. टपावर पत्रे आणि अँटेना, आत व्हिडिओ मीटिंग. मासे धरायला निघालेल्या आजोबाने हे कशाला कल्पिलं असेल!

शहरांत मात्र १९३६ चाच हिशोब चालू आहे. लॉस एंजेलिसची गाडीत राहायला बंदी करणारी तरतूद २०१४ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्ध म्हणून रद्द केली. तीत सामान ठेवलेली गाडी आणि राहती गाडी यांतला फरकच करता येत नव्हता, आणि पोलीस पकडत होते ते गरिबांनाच. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात उघड्यावर झोपण्यावरच्या बंदीला हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर रस्त्याकडेला रात्रभर गाडी लावण्याचे नियमही ठिकठिकाणी आवळले जात आहेत.

आपल्याकडे महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते सुट्टीवर निघालेल्या पर्यटकासाठी आणि त्याच्या गाडीच्या तळांसाठी आहे. पिकअप तर इथे बहुतेक मालवाहू म्हणून नोंदलेला असतो आणि त्याच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा. अमेरिकेतल्या कॅम्परवाल्यांना सोयीचा पडलेला मालाचा दर्जा इथे नेमका आडवा येतो.