कार्यरत स्मृती आणि प्रारंभिक गणित

माहिती काही क्षण मनात धरून त्याच वेळी तिच्यावर क्रिया करण्याची क्षमता म्हणजे कार्यरत स्मृती. पाठ असलेली कविता पुढे अनेक वर्षे टिकते. शिक्षकांनी सांगितलेले तोंडी उदाहरण मात्र ते सुटेपर्यंतच धरून ठेवायचे असते. पहिली-दुसरीतल्या गणिताचा बराच भार या छोट्या जागेवर पडतो.

सात वर्षांची मुलगी २७ आणि १५ यांची तोंडी बेरीज करते आहे. सात आणि पाच बारा. बारातले दोन लक्षात ठेवायचे, हातचा एक सांभाळायचा, दोन आणि एक तीन, हातचा मिळवून चार. तोवर आधीचे दोन निसटतात आणि ती विचारते, "किती म्हणालात?" तिला बेरीज येत नाही असे म्हणणे घाईचे होईल. नावाने 'हातचा' असला तरी तोंडी हिशेबात तो मनातच धरावा लागतो. वहीत दशकाच्या घरावर लिहिला की तो भार उतरतो.

मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये या स्मृतीचे प्रारूप मांडले. त्यात ध्वनी धरणारा एक भाग, आकार व जागा धरणारा दुसरा आणि लक्ष नियंत्रित करणारा तिसरा. तोंडी हिशेबातल्या बऱ्याच चुका मधली उत्तरे विसरल्याने होतात, हे हिच यांनी १९७८ मध्ये दाखवले.

आठ अधिक पाच करताना मूल आधी सगळी बोटे मोजते. पुढे ते 'आठ मनात, पाच बोटांवर' धरून नऊपासून मोजते, आणि बऱ्याच सरावानंतर 'तेरा' आपोआप आठवते. मोजणी इतकी लांबली की सुरुवातीची संख्याच विसरली, तर प्रश्न आणि उत्तर यांची गाठ पक्की बसत नाही. संध्याकाळच्या परवच्याचे मोल इथेच आहे: तयार उत्तर हाताशी असले की मन पुढच्या पायरीला मोकळे राहते. अर्थात 'सात आठे?' विचारल्यावर 'सात एके सात'पासून सुरुवात करावी लागत असेल, तर पाठ झाली आहे ती साखळी, सुटी उत्तरे नव्हेत.

मराठी संख्यानामे आणखी एक ओझे घालतात. 'बेचाळीस'मध्ये एकक आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दशक आधी. 'चाळीस' कानावर पडेपर्यंत 'बे' धरून ठेवावा लागतो. मग श्रुतलेखनात ४२ ऐवजी २४ उमटतात. जर्मनमध्येही एकक आधी येतो, आणि जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अशा उलटापालटीचा कार्यरत स्मृतीशी संबंध आढळला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि संख्यानामांची अडचण पुढे ठेवली होती. मुलांच्या बाजूने पाहिले तर तो मुद्दा रास्तच होता.

स्मृती चांगली म्हणून गणित चांगले, असे सरळ कारण मात्र सांगता येत नाही. संख्यांची ओळख घट्ट झाली की त्या लक्षात ठेवणेही सोपे जाते. संगणकावरच्या स्मृतिखेळांनी त्या खेळांतले गुण वाढतात. २०१३ मधल्या एका व्यापक आढाव्यात अंकगणित सुधारल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. गणिताची भीती कार्यरत स्मृतीची हीच जागा व्यापते, म्हणून फळ्यापुढे उभे केलेले मूल घरी सहज येणारे उदाहरणही चुकते.