गुळाचा खडा आणि फिकट रक्त

"रक्त कमी आहे? गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या घ्या." गुऱ्हाळांच्या आमच्या कोल्हापुरात हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. त्यात दोन चुका आहेत.

पहिली गुळाची. १० ग्रॅमच्या खड्यातून फार तर १ मिलिग्रॅम लोह मिळतं; बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम. त्यावर लगेच चहा घेतला, तर त्यातलंही पुरतं अंगी लागत नाही.

दुसरी चूक जास्त त्रासदायक. रक्तपेशी लहान, फिकट दिसल्या की लोहच कमी असं धरलं जातं. बहुतेकदा ते खरंही असतं: पाळीत जास्त रक्त जाणं, बाळंतपण, मूळव्याध, पोटातले जंत. पण थॅलेसेमिया मायनर या आई-वडिलांकडून येणाऱ्या सौम्य रक्तदोषातही पेशी अशाच दिसतात. जुनाट सूज किंवा संसर्ग, क्वचित शिशाची विषबाधा, यांतही.

आमच्या शेजारच्या काकींनी वर्षभर गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन १०च्या वर सरकेना. रिपोर्ट मी स्वतः पाहिला: एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ६४ इतका कमी, पण लाल पेशी ५५ लाखांवर! लोह कमी असताना पेशींची संख्या सहसा एवढी राहत नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, नॉर्मल; एचबीए२ हा मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार वाढलेला. मायनरच निघालं. गोळ्या बंद झाल्या, कारण गरज नसताना घेतलेलं लोह शरीरात साठत जातं.

म्हणून गोळ्यांआधी डॉक्टरांकडे फेरिटिनची चौकशी करा. आणि काकींच्या मुलीचं लग्न ठरतंय, तिचीही तपासणी करून घेतली. नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच आजाराचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के असते.