थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"आपल्याकडे याची गरज नाही, हा थंड देशांसाठी असतो," असं म्हणत मेकॅनिकने पेढ्याएवढी एक पितळी वस्तू माझ्या हातावर ठेवली. आमच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिनकाम नुकतंच झालं होतं. रिबोअर (झिजलेले सिलिंडर कोरून सारखे करणं), नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं चोख. फक्त थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे थंड व्हायला जाऊ न देणारी झडप, बाहेर. दीड महिन्याने तेलाचं झाकण उघडलं, तर आतून लोण्यासारखा पिवळट थर जमलेला.

तो थर म्हणजे तेलात घुसळलं गेलेलं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर ते उडून जातं; कोमट असेल तर तिथेच राहतं. शिवाय थंड सिलिंडरमध्ये कार्बोरेटरचं पेट्रोल पुरतं वाफ न होता भिंतींवरचा तेलाचा पातळ थर धुऊन काढतं, तेही नव्या रिंगा बसत असताना. बाहेर ४० अंशांचं ऊन असलं तरी इंजिनातल्या पाण्याला ८० ते ९० अंश हवे असतात. उरलेले ४०-५० अंश नागपूरचा उन्हाळाही देत नाही.

हे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट विजेशिवाय चालतो, आणि त्यातली करामत मेणाची आहे. छोट्या धातूच्या वाटीत मेण आणि तांब्याची भुकटी ठासलेली असते. भुकटीमुळे उष्णता पटकन आत पोचते. मेण वितळताना सुमारे १० ते १५ टक्के फुगतं. वाटी घट्ट बंद, त्यामुळे ते रबराला दाबतं, रबर मधल्या गुळगुळीत दांडीला ढकलतं. दांडीचं टोक वरच्या पट्टीला टेकलेलं असल्याने वाटीच खाली सरकते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे धावतं. पाणी निवलं की स्प्रिंग झडप मिटवते. कोणत्या तापमानाला उघडायचं हे मेणाच्या रेणूची लांबी ठरवते: ३० कार्बनची साखळी ६६ अंशांच्या आसपास वितळते, ४० कार्बनची ८१ च्या आसपास. अशी मेणं मिसळून हवा तो आकडा साधतात.

त्याआधीच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी भाता आणि त्यात लवकर उकळणारा द्रव असे. त्यावर पाण्याचा दाबही परिणाम करतो. म्हणून रेडिएटरला जास्त दाबाचं झाकण लावलं की भात्याचा थर्मोस्टॅट उशिरा उघडतो. मेणाला दाबाचा असा फरक पडत नाही.

आता आकड्याची निवड. थर्मोस्टॅटवर ७४, ८२, ८८ असा आकडा कोरलेला असतो. झडप त्या तापमानाला उघडू लागते आणि आणखी दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. हा आकडा तापमानाचा तळ ठरवतो, छत नव्हे. खंडाळ्याच्या घाटात पाणी ९८ अंशांवर गेलं की ७४ चा आणि ८२ चा, दोन्ही सताड उघडे असतात. तिथून पुढचं काम रेडिएटर, पंप आणि पंख्याचं. तापणारी गाडी कमी आकड्याच्या थर्मोस्टॅटने किंवा 'कूलिंग बूस्टर'च्या बाटलीने बरी होते, हा निव्वळ जाहिरातीचा प्रताप आहे. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच घ्या.

काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने गाडी जास्त तापते. जग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनात थर्मोस्टॅटला एक नळी असते. झडप उघडताना ती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, भोक झाकते. ती नसेल तर गरम पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततो. अशा गाडीला नुसत्या मापात बसणारा थर्मोस्टॅट चालत नाही, नळीवालाच लागतो.

बसवण्याआधी घरी तपासा. थर्मोस्टॅटच्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. दोरा सुटून थर्मोस्टॅट पाण्यात पडला, त्या क्षणीचा आकडा वाचा. आमचा नवा ८३ ला पडला. बसवताना त्यावरची हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे पाणी भरताना अडकलेली हवा तिथून निघून जाते. हवेचा फुगा राहिला तर मेणाला गरम पाणी लागतच नाही आणि झडप मिटलेलीच राहते.